पाचवी सही

शनिवार, २१ मार्च. दुपारचे दोन. विंडसर, भास्करकाकांच्या घराचं बेसमेंट.

हजर: डॉक्टर कारखानीस, मिलिंद, निखिल, चिटणीस म्हणून मी, शुभदा. नलूकाकूही हजर, पण त्या सभासद नाहीत. बैठक त्याच मुद्द्यावर होती.

गैरहजर: भास्करकाका.

काका, गैरहजर माणसाच्या नावापुढे कारण लिहायची आपली पद्धत आहे. मी लिहिलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. नऊ वर्षांत तुमच्या नावापुढे हा शब्द लिहायची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. वरच्या खोलीत डोळ्याला पट्टी लावून झोपायचं सोडून तुम्ही मला फोन केलात आणि स्पीकर चालू ठेवायला लावलात. डॉक्टरांनी लगेच हरकत घेतली, की आवाज खोलीत असेल तर माणूस गैरहजर कसा? अर्धा तास त्यातच गेला. शेवटी काकू जिन्यातून म्हणाल्या, "मी वर जाऊन फोन काढून घेते, म्हणजे प्रश्न मिटेल." तेव्हा मिटला.

तुम्हाला जाऊन एकोणीस दिवस झाले. या दिवसांत माझ्याकडे तीन याद्या होत्या. एक फ्युनरल होमची, एक तुमच्या कागदपत्रांची, आणि एक कोण कुठल्या दिवशी डबा आणणार त्याची. पहिल्या दोन संपल्या. तिसरी काकूंनी बंद करायला लावली. म्हणाल्या, "शुभदा, सगळ्यांना मेसेज टाक. फ्रीजरमध्ये आता बर्फालाही जागा नाही." मला रडू आलं ते दुसऱ्या यादीतल्या अगदी शेवटच्या कामाला, तुमचं लायब्ररीचं कार्ड परत करताना. काउंटरवरच्या बाईने नाव वाचलं आणि म्हणाली, "ओह नो. द ब्रेक मॅन?" म्हणजे तिथेही तुम्ही सांगून ठेवलं होतं तर. तुम्ही आयुष्यभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन केलेत हे या शहरात माहीत नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे.

ती म्हणाली, तुमच्या नावावर एक पुस्तक दुसऱ्या गावाहून मागवलेलं आहे, अजून आलेलं नाही. मी म्हटलं, कॅन्सल करा. आता कळतं की तिथे मी घाई केली. ते पुढे येईलच.

आधी एक गोष्ट कबूल करते. आपल्या गटात मी आले ते अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेची मला फार ओढ होती म्हणून नव्हे. माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, तुम्ही गळ घातली होतीत आणि त्याला एकट्याला ड्राइव्ह करायचा कंटाळा होता. पार्ट्सच्या प्लांटमध्ये शिफ्टची वेळापत्रकं करणारी मी. मला वाटलं होतं, कोपऱ्यात बसून भाजीची यादी करीन. तर पहिल्याच दिवशी तुम्ही मला चिटणीस केलंत, कारण पेन फक्त माझ्याकडे होतं.

गणपतीच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणून केलेल्या जेवणात, तुम्हाला हमखास कुणीतरी विचारायचं की कॅनडात राहून अमेरिकेच्या घटनेचा अभ्यास कशाला? हवा असेल तर आपल्या भारताच्या घटनेचा करा, नाहीतर इथल्या. तुमचं उत्तर मला पाठ आहे. "शेजाऱ्याकडे भांडण सुरू झालं की आपण खिडकी लावून घेतो. मी म्हणतो, खिडकी उघडी ठेवावी आणि त्याच्या घराचा नकाशा मागवावा. भिंत कुठली पक्की आणि कुठली नुसती पार्टिशन, ते कळतं." आणि मग तुम्ही खरंच खिडकीकडे बोट दाखवायचात. सगळ्या कॅनडाला अमेरिका दक्षिणेला असते. आपल्या विंडसरला ती उत्तरेला आहे, नदीपलीकडे, डेट्रॉइटच्या इमारतींच्या रूपात. नवीन माणूस हमखास चुकीच्या बाजूला बघायचा, आणि तुम्हाला त्याचा फार आनंद व्हायचा.

बेसमेंटमधल्या बोर्डावर तुम्ही काढलेलं अमेरिकेच्या घटनेचं झाड अजून तसंच आहे. वर फक्त खोड, कारण फांद्यांपर्यंत आपण पोचलोच नाही. नऊ वर्षं मुळंच. एक मूळ रोमच्या सिनेटचं, ते डॉक्टरांकडे, कारण त्यांना लॅटिन येतं असं त्यांना वाटतं. एक इंग्लंडच्या सरदारांनी राजाकडून लिहून घेतलेल्या सनदेचं, की राजाच्या वरही कायदा असतो. एक अमेरिकेत वसायला निघालेल्यांच्या जहाजावरच्या करारातून आलेलं; किनाऱ्याला उतरायच्या आधीच त्या माणसांनी आपापसात लिहून काढलं की आपण एकत्र कसं राहू. एक त्या इंग्रज तत्त्वज्ञाचं, ज्याच्या मते माणसाचे हक्क सरकार जन्माला यायच्या आधीपासूनचे असतात, सरकार फक्त राखणदार. आणि एक त्या फ्रेंच न्यायाधीशाचं, ज्याने सत्तेचे तीन तुकडे करा म्हणून सांगितलं. त्याच्यावर तुमचं विशेष प्रेम. "त्याने इंग्लंडकडे बघितलं आणि जे तिथे धड नव्हतंच ते वाचलं. आणि त्या चुकीच्या वाचनावर पलीकडच्यांनी अख्खा देश उभा केला. शुभदा, चूकसुद्धा नीट करावी लागते."

या आपल्या ओंटारियोतल्या मूळ रहिवाशांच्या राष्ट्रसंघाचं मूळ तुम्ही तुटक रेषेने काढलंत, पुढे प्रश्नचिन्ह. इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही म्हणालात. निखिल म्हणाला, "काका, इथं आपण त्यांच्याच जमिनीवर बसून राहिलो ना, मग रेष तरी पूर्ण काढा." तुम्ही थोडा विचार करून रेष पूर्ण केलीत. प्रश्नचिन्ह ठेवलंत. आणि सगळ्याच मुळांच्या खाली काळ्या मार्करने लिहिलंत: गुलामगिरी. म्हणालात, हे मूळ नाही, ही माती आहे, आणि घटना लिहिणाऱ्यांनी मूळ दस्तऐवजात तो शब्दच येऊ दिला नाही, इतकी त्यांना त्याची लाज वाटत होती.

माझ्यासाठी तुम्ही वेगळं मूळ ठेवलं होतंत. मी म्हटलं होतं, काका, मला तत्त्वज्ञान झेपणार नाही, मी याद्या करणारी बाई आहे. तुम्ही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची प्रत माझ्यापुढे ठेवलीत. "वाच. सुरुवातीच्या दोन परिच्छेदांवर सगळे भाळतात. पुढचं बघ. राजाने काय काय केलं त्याची यादी आहे ती. अर्ध्याहून जास्त मजकूर म्हणजे यादी! तुझाच विषय आहे." घरी जाऊन मी ती मोजली, वर्गवारी केली, कुठल्या तक्रारी न्यायालयाच्या, कुठल्या सैन्याच्या, कुठल्या कराच्या. पुढच्या महिन्यात मी चाळीस मिनिटं बोलले. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या यादीला कुणी विचार म्हटलं तीही पहिलीच वेळ. तुमचे आभार मानायचे राहिले. मानायचे होते हे मला तेव्हाही कळलं होतं, पण तुम्ही लगेच माझ्या तिसऱ्या वर्गवारीवर वाद घातलात आणि मी चिडले.

आता नियमांचं. तुम्हाला माहीत आहे सगळं, पण हे मंडळाच्या अंकात छापायचं आहे, म्हणून बाकीच्यांसाठी लिहिते.

पहिल्याच बैठकीत तुम्ही म्हणालात, आपण राज्यव्यवस्थेचा अभ्यास करणार आणि आपल्यालाच व्यवस्था नाही, हे बरं दिसत नाही. मग आपण चार नियम केले. पहिला, महिन्याचा तिसरा शनिवार. दुसरा, सभासद पाच; याचं कारण इतकंच की बेसमेंटमध्ये फोल्डिंगच्या खुर्च्या पाच होत्या. तिसरा, प्रत्येकाने आळीपाळीने विषय मांडायचा. चौथा मी लिहिला: यातला कुठलाही नियम बदलायचा तर पाचही सभासदांच्या सह्या हव्यात. तुम्ही चष्मा वर करून बघितलंत. "फार कडक केलास." मी म्हटलं, "सैल नियम म्हणजे नियमच नव्हे."

दोन वर्षांनी आपण अमेरिकेच्या पहिल्या, फसलेल्या व्यवस्थेपर्यंत आलो. तेरा राज्यांचा सैलसा संघ, आणि त्याच्या कराराचं एक कलम असं की बदल करायचा तर तेराही राज्यं हवीत. सगळ्यात लहान राज्य ऱ्होड आयलंड. त्याने एकट्याने नकाराची मान हलवली आणि सगळं ठप्प. तुम्ही वाचता वाचता थांबलात. माझ्याकडे बघितलंत. मग हसायला लागलात ते इतकं की मिलिंदला पाणी आणायला पळावं लागलं. "अभिनंदन, शुभदा! तेरा राज्यांनी मिळून जी चूक केली ती तू एकटीने केलीस!"

मी तिथल्या तिथे दुरुस्ती लिहिली. पाचऐवजी चार सह्या. चौघांनी केल्या. डॉक्टरांनी केली नाही. "ऐतिहासिक चूक आहे. जपून ठेवायला हवी." त्या दिवसापासून डॉक्टरांचं नाव ऱ्होड आयलंड पडलं आणि चौथा नियम तसाच राहिला.

आणि तेव्हापासून आपला वादही सुरू झाला. त्या राज्यांचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले ते जुना करार दुरुस्त करायला. बसले, आणि नवाच लिहिला, तीच आजची घटना. वर असंही लिहिलं की तेराची गरज नाही, नऊ राज्यं पुरेत. माझं म्हणणं सरळ होतं: हे बेकायदेशीर. नियम तेरा म्हणतो, तुम्ही नऊवर भागवलंत. आमच्या प्लांटमध्ये असं कुणी केलं तर ऑडिटमध्ये उभं राहता येणार नाही. तुमचं म्हणणं, त्यांनी नियम मोडला पण लपवला नाही. राज्यांच्या विधिमंडळांना वगळून त्यांनी लोकांनी निवडलेल्या सभांसमोर कागद ठेवला, हवा तर घ्या नाहीतर नको. "नियमापेक्षा वर कोण? ज्यांच्यासाठी नियम केला ते. त्यांनाच विचारलं ना?" मी म्हणायची, "कुठल्या लोकांना विचारलं, काका? बायकांना? गुलामांना?" तुम्ही म्हणायचात, "तोच तर प्रश्न आहे," आणि असं म्हणायचात की जणू मी तुमची बाजू घेतली आहे. सात वर्षं. दर वेळी मी घरी जाताना गाडीत मिलिंदसमोर तुमचं उत्तर खोडून काढायची. तो म्हणायचा, "हे तू काकांना सांग ना, मी गाडी चालवतोय."

मी सिटिझन झाले तेव्हा तुम्ही फुलं घेऊन आला होतात आणि फुलं द्यायच्या आधी म्हणालात, "इकडे शपथ सिंहासनावरच्या माणसाची. पलीकडे असतीस तर घटनेची, म्हणजे कागदाची घेतली असतीस. कुठली सोपी?" मी म्हटलं, माणसाची. माणसाला निदान फोन करता येतो. तुम्ही म्हणालात, "आणि माणूस मेला की?" मग लगेच फुलं पुढे केलीत. तेव्हा तो विनोद होता.

सप्टेंबरमधल्या बैठकीबद्दल लिहायला हवं. त्या दिवशी विषय संमतीचा होता. इंग्रज तत्त्वज्ञ म्हणतो, सरकारला लोकांची संमती हवी. पण प्रत्येकाने कुठे सही केलेली असते? तर तो म्हणतो, जो त्या देशाच्या रस्त्यावरून चालतो त्यानेसुद्धा न बोलता संमती दिली असं धरावं. तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन खाली आल्या, ठेवला, आणि वर गेल्या. जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर त्या बसतात, दार उघडं ठेवून, हे आपल्याला नऊ वर्षं माहीत होतं. त्या दिवशी मला ते खुपलं. मी कागद काढला आणि प्रस्ताव लिहिला: सभासद पाचाऐवजी सहा, सहाव्या नलूकाकू. मी सही केली, मिलिंदने केली, निखिलने केली. डॉक्टरांनी चक्क लगेच केली. कागद तुमच्याकडे आला.

तुम्ही म्हणालात, "तिने मागितलं का?"

"त्यांनी मागायलाच हवं का?"

"माझं घर, तिचं घर. मी बोलतो त्यात ती आलीच की."

"काका!" मी म्हटलं. "लंडनचं पार्लमेंट वसाहतींना अगदी हेच सांगत होतं. तुमचा माणूस इथे बसत नसला तरी आम्ही तुमच्याही वतीने बसलोय. हे तुम्हीच शिकवलंत. आज तुम्ही पार्लमेंट झालात."

निखिल डोळे विस्फारून हळूच म्हणाला, "बाप्पा!"

तुम्ही कागद घडी करून खिशात ठेवलात. "विचार करतो."

ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. दर महिन्याच्या इतिवृत्तात मी लिहिलं: सभासदसंख्येचा प्रस्ताव, चार सह्या झाल्या, पाचवी प्रलंबित. फेब्रुवारीत माझा धीर संपला. बाहेर ड्राइव्हवेवरचा बर्फ दोनदा फावड्याने उपसून आत आले होते, तोही राग असेल. मी म्हटलं, "काका, सही करायची नसेल तर ‘नाही’ म्हणून लिहा. मला रिकामी जागा चालत नाही. तुम्ही नुसता ब्रेक लावून बसलाय."

या एका शब्दावर तुम्ही गप्प बसणार नव्हतात. "शुभदा, ब्रेक लावणं वेगळं आणि गाडी बंद पडणं वेगळं. ब्रेक आहे म्हणून तर माणूस गाडी वेगात नेऊ शकतो. माझी आत्ता बंद पडली आहे. मला उत्तर सापडत नाहीये."

मला ती पळवाट वाटली. ‘सही करू की नको’ याला उत्तर कसलं सापडायचं? मी "येते काका" म्हणाले, जरा तुटकच, आणि गाडी गरम करायला बाहेर गेले. आपलं बोलणं तिथे संपलं. त्यानंतर मी तुम्हाला पाहिलं ते फ्युनरल होममध्ये, आणि तिथे तुमच्याशी वाद घालता येत नव्हता.

म्हणून या शनिवारी मी खाली आले ती एकच भीती घेऊन. तुमची आठवण येईल ही भीती नव्हती, ती येणारच होती. चौथ्या नियमाची होती. निखिलने ती आधी बोलून दाखवली. "ताई, पाचही सह्या पाहिजेत म्हणता. आता पाचवी आणायची कुठून?" तुमच्या जागी पाचव्या म्हणून काकूंना घ्यावं, तर त्या तुमच्या वतीने आल्यासारख्या झाल्या असत्या, आणि भांडण तर त्यावरच होतं. सहावा सभासद घ्यायचा तर दुसरा नियम बदलायला हवा, दुसरा बदलायला पाच सह्या हव्यात, पाच सह्या आता या जगात होणं शक्य नाही. सह्यांचा नियम बदलावा तर त्यालाही पाच सह्या. मी स्वतः लिहिलेल्या एका ओळीने आपला गट जिथे होता तिथे कायमचा खिळला होता, आणि काकू जिन्यात.

मिलिंद म्हणाला, "मग हा गट बंद करू आणि पाच मिनिटांनी नवा काढू. सिंपल."

"नऊ वर्षांची इतिवृत्तं आहेत," मी म्हटलं. "ती कुणाची मग?"

डॉक्टर म्हणाले, "मृत सभासदाची सही नाही म्हणजे तो नकार धरायचा की संमती? भास्कर असता तर यावर दोन बैठका गेल्या असत्या." आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

तेव्हा काकू खाली आल्या. हातात ट्रे नव्हता. तुमच्या खुर्चीवर बसल्या नाहीत. खालच्या पायरीवर टेकल्या.

"तुमचं झालं असेल तर मी बोलू?"

आम्ही अर्थातच म्हटलं, बोला.

"सप्टेंबरात तुम्ही भांडलात ना, त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं. मी डिशवॉशर लावत होते. म्हणाले, नलू, तुला सभासद व्हायचंय का? मी म्हटलं, ते नंतर. आधी मला एक सांगा. ते तुमचे फिलाडेल्फियावाले भर उन्हाळ्यात खिडक्या लावून बसले होते म्हणता, कुणी ऐकू नये म्हणून. मग त्यांना पाणी कोण आणून देत होतं?"

डॉक्टर बोर्डावरच्या झाडाची मुळं एकेक करून बघत बसले.

"हेसुद्धा असेच बसले. डिशवॉशरचं दार उघडं. मग म्हणाले, माहीत नाही. पन्नास वर्षांच्या संसारात ‘माहीत नाही’ मी तीनदा ऐकलं असेल. मग सुरू झालं. लायब्ररी, इंटरनेट, हे मागव, ते मागव. जेवताना तेच. मी म्हटलं, अहो, त्या शुभदाच्या कागदावर सही तरी करून टाका. तर म्हणाले, तू विचारलेल्याचं उत्तर दिल्याशिवाय तुझ्याबद्दल सही करायचा मला काय अधिकार?"

फेब्रुवारीतलं तुमचं वाक्य तेव्हा मला कळलं, काका. उत्तर सापडत नाहीये. तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर शोधत नव्हतातच.

काकूंनी तुमची वही आणली होती. त्यात तुमच्या बारीक अक्षरात पाच महिने आहेत. काही प्रतिनिधींनी घरचे गुलाम सोबत आणले होते, एवढं तुम्हाला सापडलं. एखाददुसरं नाव सापडलं. बाकीच्यांची नावं कुणी लिहूनच ठेवली नव्हती, खोली कोण झाडत होतं, पाण्याचा तांब्या कुणाच्या हातात होता. शेवटच्या लिहिलेल्या पानावर तुम्ही नावांसाठी ओळी आखून ठेवल्या आहेत. रिकाम्या. दुसऱ्या गावाहून मागवलेलं ते पुस्तक त्याचसाठी होतं. मी ते परत मागवलं आहे, या वेळी काकूंच्या कार्डावर.

माझा प्रस्तावाचा कागद वहीतच होता. मी सगळ्यात आधी तोच उलगडला हे तुमच्यापासून लपवत नाही. पाचव्या ओळीवर सही नव्हती.

काकूंनी माझा चेहरा बघितला असणार. म्हणाल्या, "बरं झालं, सही नाही ते. सही असती तर मी आज यांच्या परवानगीने बोलले असते. मग उद्या ती परवानगी कुणी काढूनही घेतली असती. तुम्हीच शिकलात ना, हक्क आधी आणि सरकार मागून? मी जिन्यात बसून शिकले. मला सभासदबिभासद काही करू नका. पुढच्या महिन्याच्या शनिवारी पाण्याचा विषय मी मांडणार आहे. तुम्हाला ऐकायचं असेल तर या. माझंच बेसमेंट आहे."

डॉक्टर कारखानीस उभे राहिले. गेल्या नऊ वर्षांत ते कधी कुणासाठी उभे राहिले नव्हते, गुडघ्यांमुळे. ते म्हणाले, "चौथा नियम रद्द करायचा आणि नवा लिहायचा, यावर मतदान घ्या. खोलीत जे कोणी आहेत त्या सगळ्यांचं. नलिनीबाईंसकट." आणि हात वर करून म्हणाले, "हे संपूर्ण बेकायदेशीर आहे. माझा हात वर आहे, पण बेकायदेशीर आहे हे इतिवृत्तात लिही, शुभदा."

लिहिलं. पाच हात वर, विरोधात कुणी नाही, ऱ्होड आयलंडसह. नियम मोडला, लपवला नाही, ज्यांच्यासाठी होता त्यांना विचारलं. आणि ‘कुठल्या लोकांना’ याचं उत्तर या वेळी पायरीवर बसलेलं होतं.

सात वर्षं मी तुमच्याविरुद्ध जे बोलत आले तेच माझ्या हाताने केलं. तुम्ही असतात तर बोट दाखवून हसला असतात आणि मी म्हटलं असतं, काका, माझा मुद्दा अजून उभा आहे. तो आहेच. नियम मोडून चांगलं झालं म्हणून नियम मोडणं चांगलं, असं मी अजूनही म्हणणार नाही. पण घरी जाताना गाडीत मी काही बोलले नाही. मिलिंदने दोनदा विचारलं, बरी आहेस ना? मी बरी होते. खरं सांगायचं तर एकोणीस दिवसांत पहिल्यांदा कडकडून भूक लागली होती. नदीवरचा बर्फ फुटून तुकडे खाली वाहत चालले होते, पलीकडे तुमचा शेजारी नेहमीसारखा उभा होता, आणि मला वाटलं, पुढचा शनिवार लवकर यावा. तुमच्याशिवायच्या शनिवारबद्दल असं वाटेल हे मला अपेक्षित नव्हतं. तुम्हाला आवडेल म्हणून सांगितलं.

एक काम राहिलं आहे. नवा चौथा नियम लिहायचं माझ्याकडे आलं आहे. डॉक्टर म्हणतात दोन तृतीयांश, निखिल म्हणतो जे हजर असतील ते, काकू म्हणतात, "काहीही लिही, पण आम्ही गेल्यावर कुणाला आमच्या सहीसाठी अडकून बसायला लावू नकोस." मी तीनदा बसले. तिन्ही वेळा असा नियम लिहायला गेले की जो पुढे कुणाला मोडावाच लागणार नाही. तसा होत नाही. आता वाटतं, बदलायला सोपा जाईल असा लिहावा, आणि पुढच्यांवर सोडावं. ते किती सोपं ठेवायचं, तिथे गाडी बंद पडली आहे.

मसुदा: बाकी.